नैरोबी ते डाकार : साडेसात तास?

दोन शहरांची नावं टाकली की त्यांच्यातलं हवाई अंतर आणि लागणारा वेळ सांगणारी बरीच पानं संगणकावर सापडतात. मला त्यांचा छंदच लागलाय म्हणा ना. दुपारचा चहा झाला की मी जगभर अंतरं मोजत बसते. (घरात म्हणतात, बाई परत शाळेत गेल्या.) तर अशा एखाद्या पानावर नैरोबी आणि डाकार ही नावं टाकून बघा. उत्तर येतं : सुमारे ६,२०० किलोमीटर, साधारण साडेसात तास. नैरोबी म्हणजे केनियाची राजधानी, आफ्रिकेच्या पूर्व अंगाची. डाकार सेनेगलची राजधानी, पार पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागरात घुसलेल्या भूशिरावर वसलेली.

किलोमीटरबद्दल माझी काही तक्रार नाही, ते बरोबरच आहेत. तक्रार आहे ती साडेसात तासांबद्दल. तो आकडा प्रवासाचा नाही, भागाकाराचा आहे. आलेल्या किलोमीटरला ताशी साडेआठशेच्या आसपासच्या वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्याचा थोडा वेळ मिळवायचा, झालं उत्तर. गणित म्हणून पूर्ण गुण. पण आफ्रिकेतल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचायला किती वेळ लागतो, हे बहुतेक वेळा अंतर ठरवत नाही, परवानग्या ठरवतात. आणि हे त्या पानांवर कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी अंतराचं बघू. बी.ए.ला माझा भूगोल होता आणि पुढे शाळेतही तोच शिकवला, त्यामुळे एवढं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावरून मोजतात. वर्गात मी शिवणाचा दोरा घ्यायचे. एक टोक एका शहरावर, दुसरं दुसऱ्यावर, आणि दोरा ताणायचा. ताणलेला दोरा आपोआप जवळची वाट धरतो. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा भिंतीवरच्या नकाशात वाटतो त्यापेक्षा बराच उत्तरेला जातो, आणि मुलांना त्याची गंमत वाटायची. नैरोबी-डाकारचा दोरा मात्र फारसा वाकत नाही, कारण दोन्ही शहरं विषुववृत्ताच्या तशी जवळच. तो कंपालाच्या जवळून निघतो, काँगोच्या घनदाट अरण्यावरून, मध्य आफ्रिका प्रजासत्ताक, कॅमेरून, नायजेरिया, बेनिन असं करत, टोगो आणि घानाच्या उत्तर टोकांवरून, बुर्किना फासो आणि माली ओलांडून सेनेगलमध्ये उतरतो. नैरोबीचं केनिया आणि मधले दहा देश सोडून अकराव्यात.

मग तोच दोरा नैरोबीहून मुंबईकडे ताणायचा. तो सुमारे साडेचार हजार किलोमीटर भरतो! म्हणजे नैरोबीला त्याच खंडातलं डाकार लांब आणि समुद्रापलीकडची मुंबई जवळ, तीही थोडीथोडकी नाही, सतराशे किलोमीटरने. आफ्रिका केवढी मोठी आहे हे आपल्या डोक्यात नीट शिरलेलं नसतं, कारण भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ध्रुवांकडचे देश फुगलेले दिसतात आणि मधला आफ्रिका बिचारा अंग चोरून बसलेला असतो. त्यामुळे "आफ्रिकेत असतो तो" असं आपण म्हणतो, जणू आफ्रिका म्हणजे एखादा जिल्हा आहे.

आमच्या नात्यातही असंच म्हटलं जायचं. माझा एक भाचा औषधांच्या धंद्यात आहे, तो काही वर्षं नैरोबीत होता. आपल्याकडची कितीतरी मुलं या धंद्यापायी पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेत गेली आहेत, हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरचीसुद्धा असतील. त्याच्या कचेरीत सेनेगलचा एक हिशेबनीस होता. २०१२ सालची गोष्ट. एका सोमवारी संध्याकाळी त्या माणसाला डाकारहून फोन आला की वडील अत्यवस्थ आहेत, लगेच नीघ.

आता साडेसात तासांचं गणित धरलं तर रात्री निघून मंगळवारी पहाटे तो वडिलांच्या उशाशी असायला हवा होता. पण सोमवारी रात्री डाकारकडे जाणारं विमानच नव्हतं. आठवड्यातून काही ठरावीक दिवशी जायचं, तेही वाटेत थांबत, आणि पुढचं गुरुवारी. दुसरा मार्ग पॅरिसवरून. आफ्रिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला युरोपात जायचं! नैरोबी ते पॅरिस साडेसहा हजार किलोमीटर, तिथून परत खाली डाकारला बेचाळीसशे. पण निदान त्या मार्गाने तो मंगळवारी रात्री पोचला असता. अडचण अशी की सेनेगलच्या नागरिकाला पॅरिसच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागत होता, आणि तो काही एका रात्रीत मिळत नाही. शेवटी अदिस अबाबावरून जागा मिळाली ती मंगळवार संध्याकाळची. रात्र तिथल्या बाकड्यावर, मग बमाकोला थांबून डाकार. बुधवारी रात्री पोचला. वडील बुधवारी पहाटेच गेले होते. त्यांच्यात दफन लांबवत नाहीत, दुपारच्या नमाजानंतर उरकलं होतं.

भाचा मला फोनवर सांगत होता, "मावशी, त्याच्या खिशात पैसे होते. तिकिटाला आम्ही सगळ्यांनी मिळून आणखी दिले होते. पैशाने काही झालं नाही."

मला हे वाक्य फार लागलं. गरिबीमुळे माणूस वेळेवर पोचत नाही हे आपण समजू शकतो. इथे माणूसही तयार होता, पैसाही होता, जगात विमानंही होती.

असं का, हे शोधायला लागलं की आधी रेल्वेपाशी जावं लागतं. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून आत व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला. तो बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते, बहुतेक पंजाबकडचे. नैरोबी हे गावच मुळी त्या लोहमार्गाचा तळ म्हणून १८९९ मध्ये वसलं. तिकडे पश्चिमेला फ्रेंचांनी डाकार बंदरापासून आत बमाकोपर्यंत लोहमार्ग नेला, तो १९२० च्या दशकात सलग झाला. दोन्ही मार्ग बंदरापासून आत. कशासाठी? आतला माल बंदरावर आणायला आणि बंदरावरचं सैन्य आत न्यायला. एका लोहमार्गाचं दुसऱ्याशी कामच नव्हतं, कारण एकाचा मालक लंडनला आणि दुसऱ्याचा पॅरिसला.

विमानं आली तीही याच वळणावर. १९२५ मध्ये फ्रेंचांनी कासाब्लांकाहून डाकारला विमानाने टपाल न्यायला सुरुवात केली. वाळवंटाच्या कडेकडेने, समुद्र उजव्या हाताला ठेवून जायचे ते वैमानिक. पुढे लेखक म्हणून जगभर गाजलेला सेंतेक्झुपेरी त्यांच्यातलाच, तो वाटेवरच्या केप जुबी ठाण्यावर मुक्कामाला असायचा. इंग्रजांनी १९३२ मध्ये लंडनहून कैरो, खार्टूम, नैरोबी करत केपटाऊनपर्यंत सेवा सुरू केली, त्या प्रवासाला अकरा दिवस लागत. म्हणजे १९३२ साली नैरोबी लंडनशी जोडलेलं आणि डाकार फ्रान्सशी. नैरोबीच्या माणसाला डाकारला काम असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

इथपर्यंत ठीक. पण साठ वर्षांपूर्वी गेलेल्या साहेबाच्या माथी सगळं मारून मोकळं होणं मला पटत नाही. देश स्वतंत्र झाले तेव्हा वाटा बदलायची संधी आली होती. १९६१ साली फ्रेंच अमलाखालून सुटलेल्या अकरा देशांनी मिळून 'एअर आफ्रिक' ही सामायिक कंपनी काढली. किती शहाणपणाची कल्पना! एकेकट्याला विमानं परवडत नाहीत तर वर्गणी काढून घेऊ या. चाळीस वर्षं चालली आणि २००२ मध्ये कर्जात बुडाली. सामायिक विहिरीचं काय होतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पूर्वेला केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची 'ईस्ट आफ्रिकन एअरवेज' होती, १९४६ पासूनची. तिन्ही देशांचं बिनसलं आणि १९७७ मध्ये ती मोडली. मग ज्याची त्याची स्वतंत्र कंपनी, शेपटीवर ज्याचं त्याचं निशाण. निशाणाचा अभिमान असावा, मी त्याविरुद्ध नाही. पण मूठभर विमानं असलेली सरकारी कंपनी वाचवायची म्हणून शेजारच्या देशाच्या विमानाला "आठवड्यातून दोनदाच या" असं सांगायचं, हा अभिमान त्या हिशेबनिसाच्या काय कामाचा?

हे "दोनदाच या" नेमकं कुठून येतं ते सांगते. १९४४ साली शिकागोला झालेल्या करारात असं ठरलं की प्रत्येक देश आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा मालक. त्यामुळे कुठल्या देशाचं विमान कुठे उतरेल, आठवड्यातून किती वेळा, कुठले उतारू घेईल, हे दोन-दोन देशांनी बसून ठरवायचं. आणि विमान वाटेत तिसऱ्या देशात उतरून तिथले उतारू उचलून पुढे जाणार असेल तर त्याची परवानगी आणखी वेगळी. आता दोऱ्याखालचे ते सगळे देश आठवा. नैरोबीहून डाकारला थेट जाण्याइतके उतारू रोज मिळत नाहीत, हे मला मान्य आहे. मग वाटेत दोन ठिकाणी चढउतार करत जावं, आपली एसटी जाते तसं. पण प्रत्येक थांब्यावर उतारू उचलायची परवानगी नसेल तर एसटी चालणार कशी? थांबा आहे, थांब्यावर माणसं आहेत, पण कंडक्टरला घंटी मारायची मनाई.

म्हणून मी म्हणते की फेऱ्यांची संख्या हा प्रवासाच्या वेळेचाच भाग धरला पाहिजे. गावापासून तालुका अठरा किलोमीटर आणि सकाळची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी, अशा गावचा माणूस तालुक्याला पोचायला अर्धा तास लागतो असं कधी म्हणेल का?

जवळच्या शहरांचे नमुने तर आणखी विलक्षण. काँगो नदीच्या एका काठावर किन्शासा, समोरच्या काठावर ब्राझाव्हिल. दोन्ही वेगवेगळ्या देशांच्या राजधान्या. या काठावरून त्या काठावरच्या इमारती दिसतात. दोन विमानतळांमधलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, संगणकाने नुसता भागाकार केला तर मिनिटांत उत्तर येतं. पण दोन्ही शहरांना जोडणारा पूल आजही नाही. होडीने नदी ओलांडायची आणि दोन्ही काठांवर पारपत्र, शिक्के, रांगा.

किंवा मोरोक्कोचं कासाब्लांका आणि अल्जीरियाचं अल्जीअर्स घ्या. शेजारी देश, अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर. थेट विमान होतं. २०२१ मध्ये दोन देशांचं बिनसलं आणि अल्जीरियाने आपलं आकाश मोरोक्कोच्या विमानांना बंद केलं. आता तिसऱ्या देशात जाऊन विमान बदलायचं. आणि याच मोरोक्कोने २००६ साली युरोपीय संघाशी खुल्या आकाशाचा करार केला होता! युरोपला दार उघडं, शेजाऱ्याशी भांडण. सोयरा लांबचा चालतो, भाऊबंद नको. (हे मात्र आपल्याला फार हसण्यासारखं नाही.)

लढाया होतात तेव्हा दोरा आणखी वाकतो. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि तिथलं आकाश बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतलेली असताना त्यांनीही आकाश बंद केलं, ते सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडलं. ही दोन्ही मोठी राष्ट्रं खंडाच्या ऐन मध्यावर. युरोपातून खाली येणारी विमानं लांबच्या वळणाने जाऊ लागली. गणितातले किलोमीटर तेच राहिले, घड्याळातले तास वाढले.

यावर उपाय कुणाला सुचला नाही असंही नाही. १९९९ साली आयव्हरी कोस्टच्या यामुसुक्रो शहरात आफ्रिकी देशांनी ठरवलं की एकमेकांचं आकाश मोकळं करायचं. चाळीसहून जास्त देश त्यात होते. कागदावर सगळं आलं. त्यानंतर एकोणीस वर्षं गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये अदिस अबाबाला आफ्रिकी संघाच्या बैठकीत 'एकच हवाई बाजारपेठ' म्हणून तोच संकल्प नव्याने सोडला, सुरुवातीला तेवीस देशांनी. नंतर आणखी आले. सह्या वाढल्या, विमानं त्या मानाने वाढली नाहीत. जगाच्या लोकसंख्येतला जवळजवळ अठरा टक्के वाटा आफ्रिकेचा आणि हवाई वाहतुकीतला दोन टक्क्यांच्या आसपास, हे चित्र फारसं हललेलं नाही.

"उतारूच नाहीत तर विमानं कशाला?" हा यावरचा ठरलेला आक्षेप. मोठमोठी माणसं तो घेतात. मला तो उलटा वाटतो. मुलींची शाळा काढायची म्हटलं तेव्हाही मुली येतील कुठून असंच विचारलं होतं. तिकीट महाग, कारण फेऱ्या कमी, कर आणि विमानतळाचे आकार जास्त. तिकीट महाग म्हणून उतारू कमी. उतारू कमी म्हणून फेऱ्या कमी. हे चाक कुठेतरी कुणीतरी थांबवायला लागतं, आणि ते सरकारच्या हातात आहे, उतारूच्या नाही. शिवाय उतारू नाहीत म्हणता, ते मोजता कसे? पॅरिसला जाऊन डाकारला उतरणारा नैरोबीकर मोजणीत नैरोबी-पॅरिसचा उतारू होतो. आणि जो निघूच शकला नाही तो तर कुठल्याच वहीत नाही.

करून दाखवणारे नाहीत असंही नाही. इथिओपियाची कंपनी १९४५ साली निघाली, एका अमेरिकन कंपनीच्या मदतीने, आणि पुढच्या वर्षी तिचं पहिलं विमान कैरोला गेलं. सरकारीच कंपनी, पण धंदा म्हणून चालवली. आज खंडातली सर्वांत मोठी तीच, आणि अदिस अबाबा हे आफ्रिकेचं जंक्शन झालं आहे, आपल्याकडे मनमाड किंवा भुसावळ आहे तसं. शिवाय तिने पश्चिमेला टोगोतल्या लोमे इथे तिथल्या लोकांबरोबर दुसरी कंपनी उभी करायला हात दिला, ती २०१० पासून उडते आहे. म्हणजे युरोपात न जाता खंडातल्या खंडात जायची सोय वाढते आहे. मात्र सगळ्या वाटा एकाच जंक्शनवरून जाणं हेसुद्धा अपुरंच. पश्चिमेच्या माणसाला शेजारच्या देशात जायला पूर्वेला अदिसपर्यंत यावं लागलं तर पॅरिस गेलं आणि अदिस आलं एवढंच. रात्र बाकड्यावरच जाणार.

माझ्या मते विमानापेक्षाही आधी व्हिसाचं बघायला हवं, कारण त्याला ना धावपट्टी लागते ना इंधन. रवांडा, बेनिन, गांबिया, सेशेल्स या छोट्या देशांनी सर्व आफ्रिकी लोकांना बिनव्हिसा दार उघडून दाखवलं. चौघांमध्ये एकही बडा देश नाही, हे लक्षात घ्या. बड्यांना बहुधा कचेऱ्या फार असतात.

तर आपल्या घरचं कुणी तिकडे नोकरीला जाणार असेल आणि कंपनीचा माणूस म्हणत असेल की "दोन देश बघायचे आहेत, मध्ये विमानाचे फक्त चार तास," तर त्याला तीन प्रश्न जरूर विचारा. विमान आठवड्यातून किती वेळा जातं? मध्ये कुठे बदलावं लागतं, आणि त्या मधल्या ठिकाणी भारतीय पारपत्राला व्हिसा लागतो का? आणि पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड आहे का? हे कार्ड तिकडच्या बऱ्याच देशांत शिरताना तर मागतातच, पण पीतज्वर असलेल्या देशातून परत येताना आपल्या विमानतळावरही मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायला हवी. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. माझा भाचा ते कार्ड पारपत्रातच चिकटवल्यासारखं ठेवायचा. नैरोबी सोडून त्याला बरीच वर्षं झाली, तरी ते अजून त्याच्या कपाटात आहे.